भावोजींची औषधपाण्यावरची मोटरसायकल

आमच्या भावोजींनी आपल्या मोटरसायकलला जितकं औषध पाजलं, तितकं पेण तालुक्यातल्या सगळ्या पेशंटांनी मिळून घेतलं नसेल. राहायला ते पेणला रामवाडीत, आणि कामाला रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. इंजिनच्या तेलात घालायच्या ज्या बाटल्या दुकानात मिळतात, घर्षण कमी करणाऱ्या, धूर थांबवणाऱ्या, इंजिनचं आयुष्य वाढवणाऱ्या, त्या झाडून सगळ्या त्यांच्या देवघराखालच्या फळीवर असत. गाडीला झालेलं काहीच नसे. झाल्यावर देऊन काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. डोस पोटात गेला की गाडी दिवसभर अंगणात विश्रांती घेई आणि भावोजी एसटीने कामावर जात. ताई खोकून बेजार झाली तर मात्र 'होईल आपोआप बरं' म्हणून मोकळे. कंपनीतल्या सवयीने दर महिन्याला इंजिनमधल्या तेलाचा नमुना काढून बाटलीत भरून ठेवत. त्यातली एक बाटली माझ्या आईने वाताचं तेल समजून गुडघ्याला चोळली. गुण आला. भावोजींना आनंद झाला, आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

सगळ्या नोकरीत त्यांना एकदाही लेट मार्क नव्हता, आणि याचा त्यांना गाडीइतकाच अभिमान. निवृत्तीच्या दिवशी दुपारच्या शिफ्टला, निरोपसमारंभ बघायला म्हणून, मलाही मागे बसवून निघाले. खास दिवस म्हणून विश्रांतीचा नियम मोडून सकाळीच गाडीला दोन बाटल्या पाजलेल्या. नागोठण्यापर्यंत इंजिन लोण्यासारखं चाललं. भिसे खिंडीचा चढ लागला आणि ते नुसतंच ओरडायला लागलं. आवाज विमानाचा, गाडी मात्र जागची हलेना. मागून एसटी आली. कंडक्टर ओळखीचा होता, त्याने हाका मारल्या. मी चढलोसुद्धा.

"हिला हितं एकटी टाकून जाऊ व्हय?" भावोजी म्हणाले. मी उतरलो.

खिंडीच्या माथ्यापर्यंत दोघांनी गाडी ढकलली आणि उतारावरून रोह्यात आणली. तिथल्या मेकॅनिकने तेलाचा थेंब बोटांत चोळून बघितला.

"काका, या गाडीचा क्लच तेलातच असतो. तेल एवढं बुळबुळीत केल्यावर तो पकडल कसा?"

त्याने सगळं तेल काढून साधं तेल भरलं. भावोजी खाली सांडलेल्या तेलाकडे बघत राहिले. "म्हंजे हिला काय झालंच नव्हतं," ते म्हणाले, "मीच..."

कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा शिफ्ट सुरू होऊन तास उलटला होता. टाइमकीपर त्यांचा जुना मित्र. तो वेळेवर आल्याची नोंद करून टाकायला तयार होता. भावोजी नाही म्हणाले. मग निदान गाडी बिघडली असं कारण लिहितो, म्हणाला.

"गाडीचं नाव नको घालू. लिव, माझ्यामुळं उशीर झाला."

आयुष्यातला पहिला आणि शेवटचा लेट मार्क त्यांनी असा मागून घेतला. मला हसू आवरेना, आणि ते त्यांनी बघितलं. आता भावोजी नाहीत. आपली चूक इतक्या सरळपणे पदरात घेणारा माणूस मला पुढे भेटला नाही. त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, आणि मी हसत उभा होतो.