बाईंनी मागे घेतलेला निबंध

बाई बसून कधी बोलल्याच नाहीत. चहाचा कप हातात धरून प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालायच्या, प्रश्न विचारायच्या आणि उत्तर ऐकेपर्यंत पार दुसऱ्या टोकाला पोचायच्या. बंगाली मुलं त्यांना दीदी म्हणत. बाई म्हणणारा मी एकटा. त्यांचा जन्म इथल्याच बालीगंजचा, पण मराठी लख्ख.

आमचं काम अतिसंवाहकांवर. तांब्याच्या ऑक्साइडची काळी वडी भट्टीत भाजायची, मग द्रव नायट्रोजनने गार करायची, की तिच्यातून वीज बिनअडथळा वाहते. आतले ऑक्सिजनचे अणू जागा सोडून विखुरले की हा गुण घटतो, असं बाईंनी तरुणपणी एका शोधनिबंधात दाखवलं होतं. त्यांचं नाव झालं ते त्यावरच. "भट्टीला घाई करू नकोस," असं मला बजावायच्या आणि स्वतः ती निवायच्या आत चारदा डोकावून जायच्या.

तिसऱ्या वर्षी त्यांच्याच जपून ठेवलेल्या वड्या मी नव्या यंत्रावर तपासल्या. ऑक्सिजन विखुरला नव्हता. मुळात कमीच होता. म्हणजे निबंधातलं कारणच चुकलं होतं. बेहालाहून बसने येताना रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज राहून जायचं.

शेवटी त्यांनीच गाठलं. "आठवडाभर माझ्या खोलीवरून पळत जातोयस. काय झालंय?"

मी आलेख पुढे केला. बाई जागीच थांबल्या.

"वड्या जुन्या आहेत, ऑक्सिजन उडालाही असेल," त्या म्हणाल्या. "माझ्याच पद्धतीने नव्या भाजू."

दोन आठवडे भाजल्या. उत्तर तेच आलं. त्याच दुपारी त्या निबंध मागे घेण्याचं पत्र लिहू लागल्या.

"बाई, निवृत्तीला सहा महिने उरलेत. कोण विचारणार आहे?"

"उद्या कुणीतरी त्यावर तीन वर्षं घालवेल. तुझ्यासारखंच."

माझ्या प्रबंधात या चुकीबद्दल मी 'पूर्वीच्या एका अभ्यासात' असं मोघम लिहिलं होतं. ते खोडून बाईंनी तिथे स्वतःचं नाव घातलं.

माझ्या तोंडी परीक्षेला त्या निवृत्त होऊनही आल्या, मागच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढी मोठी चूक मुळात झालीच कशी?" काय सांगितलं तर बाईंचा मान राहील, तेच मी शोधत होतो.

"ऑक्सिजन मोजलाच नव्हता," मागून बाईंचा आवाज आला. "पुरेसा आहे असं मी गृहीत धरलं होतं."

परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. मला तो ऐकूच आला नाही.