तीन कुत्र्यांचा उपास

खून पाहिले, दरोडे पाहिले, गंगेतून वर आलेली प्रेतं पाहिली. ती सगळी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण नव्वदच्या दशकातली ती तीन उपाशी कुत्री काही केल्या विसरत नाहीत. खोटं वाटलं तर माझ्या बायकोला विचारा. अपमान तिचा झाला होता.

मी गंगेकाठी ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरात वाढलो. घरी मराठी, पोलीस ठाण्यात हिंदी आणि शिव्या दोन्हींत. तेव्हा गंगेपलीकडच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. एका सकाळी तिथले बडे जमीनदार फिर्याद घेऊन आले. सगळा मुलूख त्यांना बाबूसाहेब म्हणे. मिशा अशा, की एकीवर धोतर वाळत घालावं आणि दुसरीवर उपरणं. आवाज असा, की ते ठाण्यात खाकरले तर पैलतीरी बालाजी घाटावर स्नान करणारे दचकत.

"दारोगाजी, कुत्री घेऊन शिकारी माझ्या मटारात घुसले! रखवालदाराला भाला दाखवला, नीलगाय मारली! गाव पेटलंय. त्यांच्या म्होरक्या म्हाताऱ्याला आत टाका आणि कुत्र्यांना गोळ्या घाला!"

नीलगाय मारणं हा गुन्हा, आणि आमच्या भागात लोक तिला गाईच्याच जातीची मानतात. मी पोचलो तेव्हा टोळी पसार झाली होती. म्हातारा शिकारी तेवढा कुत्र्यांपाशी बसून होता. त्याला कोठडीत घातलं, कुत्री आवारातल्या कडुनिंबाला बांधली आणि चौकशी सुरू केली.

"शेतात का घुसलास?"

"बोलावलं म्हणून गेलो."

"कुणी बोलावलं?"

"ते नाही सांगणार, हुजूर."

"बाबूसाहेब म्हणतात, त्यांनी तुला जन्मात पाहिलेलं नाही."

"म्हणोत बापडे."

मी टेबलावर मूठ आपटली. दौत उलटली, दीवानजी, म्हणजे आमचा हेड कॉन्स्टेबल, उडाला. म्हातारा मात्र पापणीही न हलवता बसला. गुन्हेगार घाबरतो किंवा फार बोलतो. हा दोन्ही करीना, तेव्हाच मला संशय आला.

इकडे कुत्री काही खाईनात. दीवानजीची रोटी नको, शिपायाचं दूध नको. शेवटी ठाण्यामागच्या क्वार्टरमधून माझी बायको तूप लावलेल्या पोळ्या घेऊन आली. थोरल्या कुत्रीनं पोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. बायकोच्या पोळीला नाही म्हणायची हिंमत लग्न झाल्यापासून मलाही झाली नव्हती.

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, पोळीत खोट नाही. यांना कुणी तरी शपथेत बांधून ठेवलंय. कुणाच्या हातचं खातात ते विचारा."

तेच विचारलं. पहिल्यांदाच म्हातारा हसला.

"आमची रीत आहे, हुजूर. शिकारीला जो बोलावतो, तो आधी कुत्र्यांना स्वतःच्या हातानं रोटी घालतो. मग कुत्री त्याच्या गुराढोरांना दात लावत नाहीत, आणि शिकार संपली असं मी म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत. माझ्यासुद्धा. आणि ज्याची रोटी कुत्र्यांनी खाल्ली, त्याचं नाव आम्ही पोलिसात घेत नाही. मारून टाका, तरी नाही."

हा जबाब मी पंचांसमोर लिहून घेतला. तेवढ्यात वरून फोन आला. "कुत्री मारा, आरोपपत्र टाका, मोकळे व्हा." मी म्हणालो, "साहेब, आवाज येत नाही." लाइन इतकी साफ होती, की साहेबांच्या कपातला चमचा वाजलेला ऐकू येत होता.

बाजाराच्या दिवशी, ठाण्यासमोर गर्दी असताना, मी बाबूसाहेबांना ओळख पटवायला बोलावलं. ते रखवालदाराला घेऊन आले.

"हीच कुत्री!" रखवालदार म्हणाला. बाबूसाहेब म्हणाले, "ही दिसतात तरी कशी, हे मला आज कळतंय."

मी हात जोडले. "बाबूसाहेब, संकट आहे. ही अन्न शिवत नाहीत. इथं मेली, तर लोक म्हणतील बाबूसाहेबांच्या फिर्यादीपायी मुके जीव तडफडून गेले. आपल्यासारख्या पुण्यवंताच्या हातून कदाचित खातील."

पुण्यवंत म्हटल्याबरोबर मिशा चार बोटं वर गेल्या. बायकोच्या हातची पोळी त्यांनी उचलली आणि गर्दीकडे बघत पुढे केली. थोरली कुत्री शेपूट हलवत आली आणि गपकन खाऊन मोकळी झाली. मागोमाग दुसरी, तिसरी.

"पाहिलंत?" बाबूसाहेब गरजले. "जनावरालाही माणूस कळतो!"

गर्दीत कुणी हसलं नाही. ती रीत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बाबूसाहेबांना ती आठवली, तेव्हा हात रिकामा झाला होता. रखवालदार हात जोडून पुढे आला. "दारोगाजी, त्या दिवशी रोट्यांची थाळी मीच धरली होती. नीलगाई मटार फस्त करत होत्या, म्हणून मालकांनीच यांना बोलावलं. गाव पेटल्यावर मला म्हणाले, भाला दाखवला म्हणून सांग."

खोटी फिर्याद कोसळली. नीलगाय मारल्याचा गुन्हा म्हाताऱ्यावर राहिला. पण आता आरोपींत पहिलं नाव बाबूसाहेबांचं होतं. त्यांच्याकडून मिठाईची टोपली आली, ती मी त्यांच्याच गाडीच्या टपावर ठेवून परत धाडली. मग माझी बदली आली. तीही आनंदानं घेतली, पण आरोपपत्र दाखल करूनच.

त्याआधी, बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटल्यावर म्हाताऱ्यानं बायकोकडे पोळी मागितली, तुकडे करून कुत्र्यांपुढे टाकले आणि म्हणाला, "शिकार संपली." कुत्री तुटून पडली. बायको मला म्हणाली, "बघितलंत? पोळीत खोट नव्हती."

कोर्टातही म्हाताऱ्यानं बाबूसाहेबांचं नाव घेतलं नाही. मीही इथं घेत नाही, पण त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. म्हाताऱ्याच्या कुत्र्यांनी त्यांची रोटी खाल्ली होती. मी त्यांच्या टोपलीतला पेढाही चाखलेला नाही. वर्दीतल्या माणसानं कुणाच्या हातचं खायचं नाही, हे मला त्या तीन कुत्र्यांनी शिकवलं. बाबूसाहेबांनी हे वाचलं आणि राग आला, तर त्यांनी खुशाल उठून सांगावं, की तो मीच. माझी हरकत नाही.