कुटातला कडू दाणा

शेंगदाणे खाताना एखादा कडू दाणा दाताखाली येतो, तेव्हा आपण काय करतो? तोंड वाकडं करतो आणि घाईघाईने दुसरा चांगला दाणा चावून चव सुधारतो. तो दाणा कडू का झाला, हा प्रश्न मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

पडला तो घाटकोपरच्या एका दवाखान्यात. चेंबूरला आमच्या वसाहतीत चौदा एप्रिलच्या जयंतीला रक्तदान शिबिर असतं. सुईला घाबरणाऱ्या माझ्या नवऱ्याने, मित्रांनी चिडवलं म्हणून, यंदा पहिल्यांदा रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. हिपॅटायटिस बी. त्रास कसलाच नाही, पण विषाणू यकृतात मुक्काम ठोकून बसलेला. डॉक्टरांनी दारू बंद सांगितली (तो पीतच नाही, तरी आज्ञाधारकपणे मान हलवली), नियमित तपासणी सांगितली, घरच्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, "बुरशी लागलेले शेंगदाणे, मका अजिबात नको."

"शेंगदाण्यांचा काय संबंध?" मी विचारलं. प्रश्न विचारायची मला खोडच आहे. बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी त्यांनी सांगितलं. नीट न वाळलेल्या दाण्यावर एक बुरशी वाढते, ती अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. त्यात हिपॅटायटिस बी असेल, तर धोका कितीतरी पटीने वाढतो.

"भाजले तर?"

"थोडं कमी होतं, पण जात नाही."

"दिसतं का पण?"

"बुरशी कधीकधी दिसते, विष नाही दिसत. काळे, सुरकुतलेले, कडू दाणे सरळ फेकून द्यायचे."

फेकायचे! माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. लातूरकडून दिराच्या शेतातलं पोतं आलं की त्या सूप घेऊन बसतात. टपोरे दाणे खायला, तुटके चटणीला आणि काळपट, सुरकुतलेले भाजून कुटाला. एकदा कूट झाला की सगळे दाणे सारखेच. आणि आमच्याकडे भाजी, कोशिंबीर, खिचडी, कुटाशिवाय काही होतच नाही. म्हणजे निवडून निवडून नेमके तेच आम्ही रोज खात होतो!

घरी येऊन मी सांगितलं, "आई, ते दाणे तुमच्या लेकाच्या लिव्हरला चालणार नाहीत." मला वाटलं, आता वाद होणार. मिठावरूनही माझ्याशी भांडणाऱ्या या बाईने एका शब्दानेही हरकत घेतली नाही. त्या दिवसापासून कूट टपोऱ्या दाण्यांचा व्हायला लागला.

पुढे एकदा गूळ शोधताना फडताळात मागे सारलेली एक बरणी हाती लागली. राखाडी कूट. जिभेवर ठेवला तर कडूजहर.

"ते माझ्यापुरतं हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या ताटात जात न्हाई. पिकवल्यालं फेकून दिऊ व्हय? आता माझं काय व्हायचं ऱ्हायलंय?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काही होणार नाही? डॉक्टरांनी तुमचंही रक्त तपासायला सांगितलंय. कधीपासून मागे लागलेय मी!"

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय?"

"त्यालाही काही झालेलं नव्हतं."

त्या हळूच म्हणाल्या, "लेकराला ह्ये आलं तरी कुठनं?"

सगळ्यांना प्रश्न विचारणारी मी, बरणीचं झाकण लावत बसले. त्यांनीच पुढे विचारलं.

"बाळंतपणात जातं व्हय गं? आईकडनं?"

"जातं कधीकधी. आईला स्वतःलाच माहीत नसतं. त्यात कुणाचा दोष नसतो, आई."

त्यांनी माझ्या हातातली बरणी घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. हात धुतले, पदराला पुसले.

"उद्या ने मला रक्त तपासायला. आन् त्येला बोलू नगंस, माझ्याकडनं आलं म्हनून."

मी नाही बोलणार म्हटलं. दवाखान्याचा जिना उतरताना नवऱ्यानेही माझ्याकडून हेच कबूल करून घेतलं होतं: आजार तिच्याकडून आला असेल, हे आईला कळता कामा नये.