जाऊबाईची पेस्ट

शिनोलीच्या एसटी थांब्यावर वैजयंतीचं नाव काढा, कुणीबी म्हणंल, "लई गुणाची बाई. तिच्या हातचा डाख निघत न्हाई." मला कुणी विचारत न्हाई. मी तिची थोरली जाऊ, द्रौपदा. एका चुलीवर आमी दोघींनी भाकरी केल्यात, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा पहिला मान खरं तर माझा. राग न्हाई माझा तिच्यावर. राग असता तर भांडून मोकळी झाले असते. माझं पोट दुखतं, आन त्येला अजून औषीद घावलं न्हाई.

ती अवसरी खुर्दची. आता तिकडं इंजिनेरिंगचं कालेज झालंय, तिथंच जवळ तिच्या बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान व्हतं. आई लवकर गेली, म्हणून ही बापाच्या टेबलाखालीच वाढली. आमचं धाकटं दीर, दादाभाऊ, भोसरीला कंपनीत. बेस्तरवारी सुट्टीला घरी यायचं. शहाण्णव साली लगीन झालं आन वैजयंती माझ्या चुलीपाशी आली. पहिल्याच दिवशी भाकरी थापली ती तीन बाजूंनी फाटकी. सासूबाईंनी, म्हंजी सोनीबाईंनी, ती उचलून उजेडाला धरली आन म्हणाल्या, "ही खायाची का चाळणीला वापरायची?" मला लई गार वाटलं. म्हणलं, चला, ह्या घरात माझी जागा माझीच हाय.

पण तिची जागा चुलीपाशी न्हवतीच.

आमच्या मालकाचं दुकान घोडेगाव रस्त्याला, पत्र्याचं. निम्मा धंदा फवारणीच्या पितळी पंपांचा, निम्मा टीव्ही-रेडिओचा. पंप गळला की त्येला डाख द्यायचा, म्हंजी कथील वितळवून भोक बुजवायचं. टीव्हीच्या आतल्या पट्टीवर तार बसवायची तरी कथीलच. कथील धरावं म्हणून आधी पेस्ट लावावी लागती. मालक दोन्हीला एकच पेस्ट वापरायचं, पंपाची. ती तेजाबाची, तिखट. गंजक्या पितळेवरसुद्धा कथील लगीच धरायचं, डाख चकचकीत बसायचा, गिऱ्हाईक खूष. आन पावसाळा सरला की त्योच टीव्ही परत दारात. आमच्याकडं भीमाशंकरच्या बाजूला आठ-आठ दिवस कपडे वाळत न्हाईत, तिथं टीव्हीचं काय. मालक म्हणायचं, "हवाच वाईट हाय, सावळेराम, त्येला मी काय करू?" सावळेराम म्हंजी डेअरीवाला, दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक.

एकदा वैजयंती माझ्यासंगं जेवणाचा डबा घेऊन आली. दाराशी उभी राहून तिनं उघड्या टीव्हीत बघितलं, नाक वर करून वास घेतला, आन माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, हवेचा दोष न्हाई. पंपाची पेस्ट तांब्याला खाती. आत राळेची पेस्ट पाहिजे."

आता ती मला का सांगत व्हती, तर आमच्या घरची रीत. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं न्हाई, आन दिरानं तिच्याकडं बघायचं न्हाई. काय असंल ते मधल्या माणसाकडून. मधलं माणूस मी.

मी मालकाला सांगितलं. मालक हसलं. म्हणालं, "तिला सांग, माझ्या डाखाला गावात तोड न्हाई." मी तिला सांगितलं. तिनं तांब्याच्या दोन तारा घेतल्या, एकीला पंपाच्या पेस्टीनं डाख दिला, एकीला बापाकडून आणलेल्या राळेच्या पेस्टीनं, आन दोन्ही न्हाणीच्या भिंतीला टांगल्या. श्रावण संपेपर्यंत एक तार हिरवीगार झाली, मोडायला आली. दुसरी व्हती तशी. मालकानं दोन्ही तारा हातात घेतल्या, हिरवी वाकवली तशी ती मोडली. मग मला म्हणालं, "तिला सांग, उद्यापासून दुकानात ये."

झालं. टेबलाच्या ह्या टोकाला मालक, त्या टोकाला डोक्यावरून पदर घेतलेली ती, आन मधी गोणपाटावर मी. तिघांनी हात लांबवलं तर एकमेकांना लागू येवढ्या अंतरावर, आन सगळं बोलणं माझ्या तोंडातून. "तिला सांग, पेस्ट पातळ झाली." "त्यांना सांगा, पत्रा तापतो, डबी टेबलावर ठेवू नका, माठाखालच्या गारव्याला ठेवा." "तिला सांग, थोडी जास्त लावली तर?" "त्यांना सांगा, जोंधळ्याच्या दाण्यायेवढी बास. बोट घालू नका, घामानं नासती. काडीनं घ्या. तापलेली सळई डबीत बुडवू नका, करपती. आन झाकण लावा, धूळ बसती." ती झाकण लावा म्हणायची आन हे लावायचं. मी ह्यांना धा वर्सं सांगतीय, ताटावर झाकण ठेवा, माशा बसत्यात. कवा ठेवलं न्हाई.

तुमी बाईमाणूस असाल तर तुमाला कळंल. माझ्या मालकानं मला लग्नापासून दोन शब्द धड दिलं न्हवतं. "जेवाय वाढ" आन "कंदील कुठं हाय", येवढ्यात आमचा संसार. आता दिसभर माझ्याकडं तोंड करून बोलायचं, डोळं चमकायचं, हात हलवायचं. आन त्यातला एक शब्द माझ्यासाठी न्हाई. माझ्या तोंडावरून नुसतं पुढं जायचं सगळं. माझी लाही लाही व्हायची. पण उठवत न्हवतं. तिथं बसून निदान ते तोंड माझ्याकडं तरी असायचं, आन तेवढं माझ्याकडनं जाऊ नये असं मला मनापासून वाटायचं.

त्यात डब्यांचं झालं. आमच्या घरी सुनांना आणायचं ते जोडीनं, सारखं. एकीला जास्त, एकीला कमी असं नको, भांडणं नकोत म्हणून. मालकानं मंचरच्या बाजारातून दोघींना मशेरीसाठी फिरकीच्या झाकणाच्या डब्या आणल्या, पांढऱ्या, हुबेहूब एकसारख्या. वैजयंतीनं मशेरी कवा लावलीच न्हाई. तिनं आपली डबी राळेच्या पेस्टीला दिली, झाकण घट्ट बसतं म्हणून. मालक मला म्हणालं, "तिला सांग, लई झाक केलंस." मी सांगितलं न्हाई. घरी गेले, माझी मशेरी कागदात बांधली, डबी धुतली आन दुसऱ्या दिवशी पंपाच्या पेस्टीला दिली. तिची डबी दुकानात राहती, तर माझी का न्हाई? मालक म्हणालं, "बरं." नुसतं बरं.

तवापासून टेबलावर दोन सारख्या डब्या. वैजयंती वासावरून वळखायची. राळेचा वास देवळातल्या उदासारखा, पंपाच्या पेस्टीचा नाकाला झोंबणारा. मालकाचं नाक तपकिरीनं कवाच मेलेलं. ती मला सांगायची, "बाई, ती न्हाई, अलीकडची," मी मालकाला सांगायची, आन काम चालायचं.

मग एक दिवस सावळेराम दुकानात बसला व्हता. त्यानं चेष्टेनं इचारलं, "बाजीराव, हितं मिस्त्री कोण, तू का तुझी भावजय?"

मालक म्हणालं, "मिस्त्री ती. मी हेल्पर."

"आन ह्या वहिनी?"

"ही आमचा टेलिफोन."

सगळे हसले. वैजयंतीसुद्धा पदरात हसली. मी बी हसले, काय करता. पण घरी येऊन मी कंबर धरली आन म्हणलं, मला उद्यापासून बसवत न्हाई. मनात म्हणलं, आता बघते फोन बंद पडल्यावर दुकान कसं चालतंय ते.

सोबतीला म्हणून सासूबाई जायला लागल्या. त्यांना ऐकू कमी. मी मनात खूष. पहिल्या संध्याकाळी मालक आलं, जेवलं, आन म्हणालं, "उद्या ये गं." माझा जीव सुपायेवढा झाला. तेवढ्यात म्हणालं, "तिला लई इचारायचंय, राहून गेलं." मी म्हणलं, "कंबर लई दुखती." दुसऱ्या दिवशी काय म्हणालं न्हाई. मी वाट बघत व्हते. तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना. भाकरी, वांग्याचं भरीत घेतलं आन निघाले. वाटंत ठरवलं, मालक म्हणालंच "बस", तर आधी नको म्हणायचं, मग बसायचं.

दुकानापाशी आले तर आत बाई बोलत व्हती. मला वाटलं, गिऱ्हाईक असंल. मालक मधीच मोठ्यानं हसलं. असं हसलेलं मी घरात ऐकलं न्हवतं. दाराशी सावळेराम बसला व्हता. मला बघून म्हणाला, "वहिनी, आज मजा हुकली तुमची. माझ्या टीव्हीत बाजीराव पंपाची पेस्ट घालाय निघाला. पोरगी आधी खोकली. मग टेबल वाजवलं. हा मान खाली घालून बसलेला, बघायचं न्हाई ना. तिनं सोनीबाईला सांगितलं, तर सोनीबाई म्हणती, व्हय, च्या घेऊ. काडी टीव्हीत जाणार तेवढ्यात पोरगी वरडली, भाऊजी, ती पंपाची हाय. आन बाजीराव काय म्हणाला माहीत हाय? म्हणाला, आगं मग आधीच सांगायचं व्हतंस."

मी आत गेले. सासूबाई कोपऱ्यात पेंगत व्हत्या. वैजयंतीचा पदर खांद्यावर आलेला, तोंड उघडं. मालक तिच्याकडं तोंड करून, सरळ तिलाच इचारत व्हतं, उन्हाळ्यात राळ वरती तेल सोडती ते कशानं. ती सरळ त्यांनाच सांगत व्हती. त्या प्रश्नाचं उत्तर मला ठावं व्हतं. पत्र्याखाली डबी तापती म्हणून. सगळं माझ्याच तोंडातून गेलेलं, मला ठावं नसायला काय झालं? मी उत्तर दिलंसुद्धा. मालकानं ऐकलं न्हाई, तिचं ऐकत व्हतं.

मग वैजयंती उठून माझ्यापाशी आली. माझ्या हातातला डबा घेतला. तिच्या तोंडावर असा आनंद की मला वंगाळ बोलवंना. म्हणाली, "बाई, तुमच्या कंबरेचं मला लई वाईट वाटत व्हतं. आमच्यापायी दिसभर बसून राहायचात. आता सुटलात बघा तुमी. घरी निवांत पडा."

चांगल्या मनानं म्हणाली. वाईट मनानं म्हणाली असती तर मी तिथंच झिंज्या धरल्या असत्या.

मी मालकाकडं बघितलं. म्हणलं, ह्यांनी येवढं म्हणावं, "बस जरा." मालक मान खाली घालून काडीवर पेस्ट घेत व्हतं, जोंधळ्याच्या दाण्यायेवढी. म्हणालं, "खरंय तिचं. जा तू."

गोणपाट कुणीतरी घडी करून टेबलाखाली सारलं व्हतं. मी घरी आले आन संध्याकाळच्या भाकरी थापायला बसले, चौघांच्या.