अकरा पावलांचं घर

क्षमाक्कांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. बंगळुरात जे. पी. नगरातल्या भाड्याच्या घरात एकोणीस वर्षं काढली, पण दारातून कुणी कॉफीशिवाय परत गेलेलं नाही. परदेशातला घरमालक अरविंद याने घर विकायला काढलं आणि एजंट महांतेश गिऱ्हाइकं आणू लागला, तेव्हा त्यांनाही कॉफी मिळाली. "घर काय छान ठेवलंय हो!" असं म्हणत माणसं पेले रिकामे करायची आणि क्षमाक्का ते उचलून विसळायला न्यायच्या.

त्यांचं एकटीचं असतं तर कुठेही निभलं असतं. पण यजमान हयवदनरावांची दृष्टी सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने गेली. या घरात त्यांना काठी लागत नाही. खुर्चीपासून स्वयंपाकघर अकरा पावलं, तिथून देवघर चार. दुसऱ्या घरात ते खुर्चीला खिळून राहतील, ही धास्ती क्षमाक्कांना खाऊन टाकत होती. म्हणून विक्रीचं त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलंच नाही. येणारे कधी नळवाले व्हायचे, कधी रंगारी. पुढेही भाड्यानेच देण्यासाठी घर विकत घेणारा कुणी भेटावा आणि आपल्याला राहू द्यावं, एवढीच आशा.

भाचा कार्तिक सर्जापूर रोडहून आला आणि करारपत्र उघडून बसला. "मावशी, इथे लिहिलंय. आदल्या दिवशी कळवल्याशिवाय कुणी घर बघायला येऊ शकत नाही. सरळ परत पाठवायचं. आणि विकलं तरी करार संपेपर्यंत, म्हणजे चैत्रापर्यंत, तुम्हाला कुणी हलवू शकत नाही."

"आणि चैत्रानंतर?"

कार्तिकने कागदाची घडी घातली.

"काल कळवलं नव्हतं, आज जमणार नाही." एवढं वाक्य क्षमाक्कांनी पाठ केलं. देवापुढे बसूनसुद्धा म्हणून बघितलं.

द्वादशीच्या सकाळी त्या मडीत, म्हणजे सोवळ्यात होत्या. आंघोळ करून वेगळं वाळवलेलं लुगडं नेसलेलं, चुलीवर एकादशी सोडायचा, पारण्याचा स्वयंपाक. मडीत कुणाला शिवायचं नाही, दाराकडे जायचं नाही. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"तू थांब, मी बघतो," म्हणत हयवदनरावांनी दार उघडलं.

"अण्णा, स्वल्प पाच मिनिटं घर बघून जातो की," महांतेशचा आवाज आला.

"या, या! पुन्हा रंगाचं बघायला? घरात शिरायला परवानगी कसली?"

क्षमाक्कांच्या ओठांवर वाक्य आलं आणि तिथेच अडलं. म्हणावं तर नवरा विचारणार, कसलं कळवायचं? मग सहा आठवड्यांचं खोटं एका दमात बाहेर पडणार. हातातल्या पळीने त्या भाजी ढवळत राहिल्या. स्वतःच्या घरात इतकं कोंडल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं.

बाहेर हयवदनराव रंगात आले होते. "ही खिडकी. नऊला ऊन इथवर येतं, गालावर कळतं मला. जपून, बाल्कनीचा उंबरा उंच आहे."

"काका, तुम्हाला दिसत नाही?" सोबतच्या मुलीने चाचरत विचारलं.

"हे घर दिसतं की!" ते हसले.

ती मुलगी, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात काम करणारी हर्षिता, स्वयंपाकघराच्या दाराशी आली. डोळे भरलेले, आवाज हलका.

"काकू, माझ्या आईचंही दिसणं कमी होत चाललंय. तिला कुठे ठेवावं, कळत नव्हतं. काकांना इथे वावरताना बघून ठरवलं. घर घेऊन भाड्याने नाही द्यायचं, आईलाच आणते इथे. चैत्रापर्यंत थांबेन मी."

तिच्यावर रागवावं तरी कसं? क्षमाक्कांना तेवढीही सोय उरली नाही. त्यांनी मान डोलावली.

मंडळी गेली. हयवदनराव खुर्चीपासून भिंतीला हात न लावता अकरा पावलं चालत आले आणि मडी मोडू नये म्हणून उंबऱ्याअलीकडे बरोबर थांबले.

"चांगली वाटली गं मुलगी. घर आवडलं तिला."

"हो. फार आवडलं."

"मग वाढ पान. द्वादशीची वेळ टळेल."

नवरा हाताच्या अंतरावर उभा होता. मडी नसती तर क्षमाक्कांनी त्याचा हात घट्ट धरला असता.