पदर सावरणारे मास्तर

चिंचखोंडच्या शाळेत मास्तर हजर झाले त्याच दिवशी चांगो पाटलांनी ओटीवरून निकाल देऊन टाकला. "ह्यो कसला मास्तर रं? ही तर मास्तरीण हाय! चालतोय बघा, डोईवर घागर असल्यागत!"

पाटलांचं फारसं चुकलं नव्हतं. गोपाळकृष्ण सबनीसांनी चौदा वर्षं एका नाटक कंपनीत राण्या रंगवल्या होत्या. मग कंपनी बुडाली, गळा घोगरा झाला आणि अंगात राहिली ती राणीची चाल, शिवाय खांद्यावरचा नसलेला पदर पुढे ओढायची खोड. कधीकाळी व्हर्नाक्युलर फायनल पास झाले होते, म्हणून पस्तिसाव्या वर्षी कर्जत तालुक्यातली ही हंगामी जागा मिळाली. फाल्गुनात शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षेला येणार. शाळा चांगली उतरली तर जागा कायम. नाहीतर सबनीसांना दारात उभं करणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

शिकवायची त्यांची तऱ्हा गावानं बापजन्मात पाहिली नव्हती. अपूर्णांक म्हणजे एका भाकरीवर भांडणारे चार भाऊ. पाढा म्हणजे समोरासमोर उभ्या दोन फौजा. ज्याला जे सोंग दिलं त्यानं ते करायचं आणि शनिवारी सोंगं बदलायची.

"काय शिकलास रं आज?" घरी आई विचारायची.

"मी राजमाचीचा डोंगर झालतो."

"आणि मास्तर?"

"वसईची खाडी."

"मेल्या, छडी तरी हाय का त्याच्याकडं?"

छडी नव्हती, आणि गावाला तेच जास्त लागलं. मास्तर विहिरीवर गेले की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. "या बाई, भरून घ्या आधी!" एका सकाळी शाळेच्या दारावर कुणीतरी हिरवं, ठिगळाचं लुगडं टांगून ठेवलं, वर दोन बांगड्या अडकवलेल्या. पोरं खिदळायला लागली. मास्तरांनी लुगडं काढलं, झटकलं, दोन टोकं दोन पोरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "हलवा. ही उल्हास नदी."

त्या दिवसापासून भूगोल लुगड्यावरून वाहू लागला. उल्हास व्हायचा पाटलांचा पदू. तिला मिळणारी पेज नदी होती ठाकरवाडीची कोंडी. पण पाटलांचा हुकूम कडक होता. "ठाकरीन पोरीचं नाव पटावर असंना का, बूड भाईर ओटीवर पायजे." म्हणून तालमीत पेज उंबऱ्याबाहेरूनच ओरडायची आणि पदूला लुगड्याचं टोक तिच्यापर्यंत न्यावं लागायचं.

परीक्षेच्या दिवशी दिपोटीसाहेब आले. आवाज नाकातून निघायचा आणि मिशीत अडकायचा. "हंऽऽ. सतरा नवे किती?"

विठू उभा राहिला. त्यानं बोटं मोजली, परत मोजली. तेवढ्यात फळ्यामागून कुजबुज आली, "एकशे त्रेपन्न."

"कोण बोललं?"

मास्तर फळ्यामागून बाहेर आले, कानापर्यंत लाल. "सवय आहे, साहेब. नट अडला की विंगेतून…"

"ही तुमची कंपनी नव्हे! बाहेर व्हा!"

मास्तर ओटीवर येऊन कोंडीशेजारी उभे राहिले. शाळा कमिटीचे म्हणून पाटील आत खुर्चीवर बसले होते. ते पोट धरून हसले.

"हंऽऽ. उल्हास नदी सांगा."

पदूनं लुगडं धरलं. "राजमाचीच्या डोंगरातून निघाली… कोंडाण्याखालून… कर्जत…" आणि थांबला. पुढं पेज होती, ती उंबऱ्याबाहेर. त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं वाशांकडं पाहिलं. लुगडं लोंबकळायला लागलं. बाहेर मास्तरांनी तोंडून शब्द सुटू नये म्हणून उपरण्याचं टोक दातात धरलं.

कोंडी उठली. तिनं मास्तरांना विचारलं नाही. उंबरा ओलांडून सरळ आत गेली आणि पदूचा हात धरला. "चल रं, थांबलास काय? मी पेज हाय. आता दोगं मिळून नेरळ, बदलापूर, कल्याण!"

पदू सुटला. दोघं धावत वसईच्या खाडीपर्यंत जाऊन भिंतीला थडकले. दिपोटींची मिशी कधी नव्हे ती हलली.

"ठाकरीन शाळंत घुसली! पोराला शिवली!" पाटील उठले. "सायेब, हिचं नाव आत्ता पटावरनं काढा!"

"शिस्त मोडली असेल तर काढू," दिपोटी म्हणाले. "मास्तर, इकडे या. ही आत कुणाच्या सांगण्यावरून आली?"

पाटील मास्तरांच्या कानाशी वाकले. "आपलीआपण घुसली म्हण. जागा तुजी कायम. माजा शबुद."

कोंडी भिंतीला टेकून उभी होती. लुगड्याचं टोक अजून तिच्या मुठीत होतं.

मास्तरांनी नसलेला पदर खांद्यावर ओढला. "मीच बसवलंय, साहेब. नाटकात पेज इथूनच आत येते."

दिपोटींनी शेरेबुकात लिहिलं : 'हंगामी मास्तर परीक्षेत उत्तरे पुरवितात व अंगी नाटकीपणा आहे. कमी करावे. उत्तीर्ण मुलगे अकरा, मुलगी एक, कोंडी.' दिपोटींच्या हातचं नाव खोडायची पाटलांची छाती नव्हती. ते दात खात बसले.

दुसऱ्या दिवशी मास्तर वळकटी घेऊन कर्जत स्टेशनाकडं निघाले. पाटलांची ओटी माणसांनी भरली होती.

"पदर सावर गं बाये! उन्हाची चाललीस!"

ओटी खदाखदा हसली. मास्तर थांबले. वळकटी खाली ठेवली. मग पदर असा सावरला, इतक्या सावकाश, की हसणारे सावरून बसले. राणीनं दरबारातल्या हुजऱ्याला पाहावं तसं त्यांनी पाटलांना पायापासून पागोट्यापर्यंत पाहिलं.

"लुगडं शाळेतच ठेवलंय, पाटील. पाटलीणबाईंना सांगा, शोधत असतील."

वळकटी उचलून ते चालू लागले, घागर डोईवर असल्यागत.

मागं स्वैपाकघरातून आवाज आला, "कंचं लुगडं? माजं हिरवं? अवो, काय म्हनतोय त्यो?"