आडवा दात

मायचा वरचा पुढचा दात पडला तेव्हा तिने कुणालाच सांगितलं नाही. मी मेहकरला राहते, शाळेत शिकवते. माय आणि बाबा सुलतानपूरला, आमच्या जुन्या घरात. एका रविवारी मी गेले तर ती पदर तोंडाशी धरून बोलत होती. मला वाटलं, सर्दी झाली असेल. पुढच्या खेपेला गेले तर पदर खाली होता आणि माय नवा दात दाखवायला उंबऱ्यातच उभी होती.

जानेफळला मावशीकडे गेली होती, तिथल्या बाजारात एकाने बसवून दिला होता. छत्रीखाली टेबल, टेबलावर दातांच्या कवळ्या मांडलेल्या, आणि मागे पाटी : पक्का दात, ताबडतोब.

"निंगत नाही, पाह्य," माय म्हणाली आणि अंगठ्याने दात ढकलून दाखवला. "सिमीट लावल्यावानी बसला."

खरंच सिमेंटसारखाच बसवला होता. खोटा दात शेजारच्या दोन्ही दातांना तारेने बांधून वरून गुलाबी मसाला थापलेला. दात इतका पांढरा की बाकीचे दात उगीच मळकट दिसायला लागले होते. पण माय खूश होती, म्हणून मी काही बोलले नाही. दर पौर्णिमेला विहारात वंदना मायच घ्यायची. तिचे पाली उच्चार स्वच्छ होते, लहान पोरं तिच्यामागे म्हणून म्हणूनच वंदना शिकली. पुढचा दात गेल्यावर 'स' आणि 'त' म्हणताना वारा सुटायला लागला, तशी ती दोन पौर्णिमा मागच्या रांगेत बसली होती. आता पुन्हा पुढे बसता येणार होतं.

काही महिन्यांनी हिरडी सुजली. मायला साखरेचा आजार आहे, त्यामुळे कुठलीही सूज तिच्या अंगात घर करते. तिने लवंग लावली, हळद लावली, गरम पाण्याच्या चुळा भरल्या. शेवटी एका सकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतः कधी फोन करत नसत.

"बाई, मायचं तोंड सुजलं. डोयाबी उघडत नाही तिचा. काय करावं?"

मी दोघांनाही मेहकरला बोलावून घेतलं आणि दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने मायचं तोंड उघडून पाहिलं. मग तिने गुलाबी मसाला हळूहळू घासून काढला, तार कापली. तार निघाली तसा शेजारचा एक दातही तिच्याबरोबर हातात आला. मायला दुखलंसुद्धा नाही, इतका तो आधीच सुटलेला होता.

"याच्याखाली ब्रश पोचतच नव्हता," डॉक्टर म्हणाली. "अन्न अडकून आतून सगळं सडत गेलं. एका दातासाठी दोन्हीकडचे धरून बांधले, तेही गेले."

मायने विचारलं, "मंग आता पक्का बसवता येते का?"

त्या प्रश्नाला डॉक्टरने घाईघाईत उत्तर दिलं नाही, हे मला अजून आठवतं. तिने फोटो काढला, जबड्याचं हाड काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दाखवलं आणि मायला, बाबांना आणि मला तिघांना समोर बसवून सांगितलं. एक रस्ता म्हणजे दोन्हीकडच्या दातांवर टोप्या घालून मधला दात पुलासारखा टाकायचा. पण पूल टाकायला दोन्ही काठ मजबूत लागतात, आणि मायचे काठ हलत होते. दुसरा रस्ता म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. तो सगळ्यात चांगला, पण हाड उरलं पाहिजे आणि साखर ताब्यात पाहिजे. मायचं वरचं हाड झिजलेलं होतं आणि साखर तिचं ऐकत नव्हती. तिसरा, वरचे उरलेसुरले हलणारे दात काढून, जखमा भरू देऊन, पूर्ण वरची कवळी. काढता-घालता येणारी.

"म्हंजे रोज काढाची?" मायचा चेहरा उतरला.

"रोज रात्री काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची. आजी, पक्का दात म्हणजे चांगला दात असं नसतं. तुम्हाला जो दिला तो पक्काच होता."

बाबांनी दस्तीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "कवळीच करा."

दात काढले, जखमा भरेपर्यंत माय घरातच राहिली. वरण-भात, ज्वारीची आंबील, कुस्करलेलं केळं. विहारात गेली नाही, लग्नाला गेली नाही. फोनवर बोलणंही तिने बाबांवर सोपवलं, आणि बाबांना बोलायचं कळत नसे. "बरं हाये" म्हणून ते फोन ठेवायचे. बाबा बोलणारे नव्हतेच. शेतातून आले की ओट्यावर बसत, चहा पीत, तुरीकडे पाहून आल्याचं सांगत. माय त्यांच्या वाटचंही बोलायची. आता घरात दोघंही गप्प, असं शेजारीण सांगायची.

जबड्याची मापं झाली, आणि मग डॉक्टरने विचारलं, "आजीचा जुना एखादा हसरा फोटो आहे का? दात दिसतील असा. तसेच लावता आले तर चेहरा आपला वाटतो."

मी घरातला सगळा पेटारा उपसला. माझ्या लग्नातले फोटो, बँकेच्या पासबुकाला लावलेला, रेशनकार्डाचा, पंचशील झेंड्यापाशी काढलेला. एकाही फोटोत मायचे दात दिसत नव्हते. फोटो काढायचा म्हटलं की ती ओठ मिटून सरळ उभी राहायची, जशी त्या वयाच्या सगळ्याच बायका राहतात. जिच्या हसण्याने आमचं अंगण भरायचं त्या बाईचं हसू एका कागदावरही उतरलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, हरकत नाही, अंदाजाने लावू. मेणात दात बसवून तिने पहिल्यांदा मायच्या तोंडात घातले ते एका सोमवारी. बाबाही आले होते, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मायने आरसा घेतला. दात सरळ, एकसारखे, मोत्यांसारखे. मला फार आवडले. मी म्हटलंही, "माय, सिनेमातली दिसतेस."

तेवढ्यात बाबा उठून जवळ आले.

"इतके पांढरे नोको," ते म्हणाले. "हिचे असे नव्हते. जराक पिवळे व्हते, ज्वारीच्या दान्यावानी." मग थांबून त्यांनी स्वतःच्या ओठावर डाव्या बाजूला बोट ठेवलं. "अन् इथला एक दात आडवा व्हता. पुढच्यावर जराक चढेल व्हता. हसली का व्हटावर टेकायचा."

माय लाजेने लाल झाली. "गुपचूप बसा ना हो. काय सांगून राह्यले डॉक्टरीनबाईले!"

"इचारलं म्हनून सांगतलं."

डॉक्टर हसली नाही. तिने मेण गरम केलं, तो दात जरासा वळवला, पुन्हा मायच्या तोंडात घातला आणि बाबांकडे पाहिलं.

"अजून जराक," बाबा म्हणाले.

तिने अजून वळवला. बाबांनी मान वाकडी करून पाहिलं, मागे सरकून पाहिलं. शेवटी म्हणाले, "हाव. आता तिची हाये."

मी त्या दोघांच्या पोटी जन्मले, त्यांच्या घरात वाढले. पण बाबा मायकडे असं पाहतात हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. घरी जाताना माय रिक्षात रुसल्यासारखी बाहेर पाहत होती, पण तिचा खांदा बाबांच्या खांद्याला लागलेला होता.

मेण काढून पक्की कवळी तयार व्हायला काही दिवस लागणार होते. त्याच आठवड्यात बाबा सकाळी शेतातून लवकर परतले. छाती भरून आली म्हणाले, पाणी मागितलं, ओट्यावर आडवे झाले. शेजाऱ्याची गाडी काढून लोणारच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला शाळेत फोन आला तेव्हा मी फळ्यावर बेरजा लिहीत होते.

घर माणसांनी भरलं. माय बाबांच्या उशाशी बसली होती आणि पदराने तोंड झाकून रडत होती. बायका म्हणत होत्या, मोकळी होऊन रड, साठवू नोको. पण तिने पदर सोडला नाही. दात नसलेलं तोंड उघडून चार माणसांत रडायचं तिला जमलं नाही. माझ्या जवळ आली तेव्हा ती माझ्या कानाशी काहीतरी म्हणाली, ते मला नीट कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिने मान हलवली आणि परत जाऊन बसली. ते काय होतं हे तिने नंतर कधीच सांगितलं नाही.

डॉक्टरचा फोन आला की कवळी तयार आहे. मी घडलेलं सांगितलं. ती म्हणाली, "आजींना जेव्हा आणाल तेव्हा आणा, मी कवळी जपून ठेवते." जलदान विधी झाला, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. माय माझ्यासोबत येईल म्हणून मी तिची पिशवी भरली, तर तिने कपडे परत पेटीत ठेवले. कवळीचं नाव काढलं की म्हणायची, "आता काय कराचं हाये दात लावून?"

महिने गेले. तिचं वजन उतरत गेलं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने मला फोन करून सांगितलं, आजी गोळ्या घेतात पण जेवत नाहीत, साखर एकदम खाली जाते, कधी चक्कर येऊन पडतील. तेव्हा मी जाऊन तिला जवळजवळ ओढूनच मेहकरला आणलं. जेवायला तरी दात लागतील, एवढंच तिला पटलं.

कवळी सैल बसली. मधल्या काळात हिरड्या आणखी आटल्या होत्या. डॉक्टरने आतून नवा थर दिला, टोचेल तिथे घासलं, पुन्हा बसवली. मग आरसा दिला.

मायने बराच वेळ पाहिलं. ओठ मिटले, उघडले. मग तो आडवा दात बोटाने चाचपला.

"इतका आडवा व्हता का गं?" तिने मला विचारलं. "मले नाही आठवत. मी काई आरशात हसून पाह्यलं नाही कधी. तुले आठवते का?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. तिचं हसणं मला ऐकू आलं, अंगण दिसलं, तिच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला. दात दिसला नाही.

"जास्त वाटत असेल तर सरळ करून देऊ का?" डॉक्टरने विचारलं. "थोडंच काम आहे."

"नाही," माय म्हणाली. "त्याइनं सांगतला तसाच राहू द्या. आता दुसरं कोनाले इचारावं?"

पुढच्या पौर्णिमेला मी मुद्दाम सुलतानपूरला गेले. माय कवळी लावून पांढरं लुगडं नेसून विहारात आली आणि सगळ्यांनी तिला पुढे बसवलं. तिने वंदना घेतली. आवाज थकलेला होता, पण एकही अक्षर पडलं नाही. मला रडू आलं, ते मी खाली पाहून लपवलं.

बाहेर येताना चपला शोधत असलेल्या बायकांतली एक दुसरीला म्हणाली, अगदी हळूही नाही, "नवरा गेला अन् बुढीनं दात बसवले. आता कोनाले दाखवाचे?"

मी वळले. मायने माझं मनगट धरलं आणि चालायला लागली. घरी आल्यावर तिने कवळी काढली, धुतली, पाण्याच्या वाटीत ठेवली. मी त्या बाईला काय काय बोलायला हवं होतं ते बोलत बसले होते. माय ऐकत होती.

"तिचं काय चुकलं?" ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या कोनी असं केलं असतं त मी बी हेच म्हनली असती."

"पण माय, तू तर बाबा असतानाच..."

"मले माहीत हाये ना. तिले कुठं माहीत हाये? अन् सांगत फिरू का घरोघरी?"

त्यानंतर ती कवळी लावून बाहेर गेली नाही. डॉक्टरने बजावलं होतं की न वापरता ठेवली तर ती पुन्हा बसणार नाही, तोंड बदलत राहतं. मी तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. मी रागावले. एकदा तिच्यापुढे हातही जोडले. आता घरात, जेवायच्या वेळी ती लावते. भाकर दुधात कुस्करूनच खाते, तरी लावते. विहारातली वंदना आता गावातली एक तरुण सून घेते. चांगली घेते, माय म्हणते.

मेहकरला माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. तूर आहे, घर आहे, बाबांचा ओटा आहे. मी रोज संध्याकाळी शाळेतून आले की फोन करते. ती "हाव, बोल" म्हणते आणि त्या दोन शब्दांतच मला कळतं की तोंडात दात आहेत की नाहीत. दात असले की तिचं बोलणं सरळ येतं. कुणाची म्हैस व्याली, नळ कधी आला, नर्सबाई काय म्हणाली, हे ती सांगत राहते, आणि मी समजते की आज ती जेवली आहे, कुणीतरी येऊन बसलं आहे. नसले की शब्द मऊ, ओले, एकमेकांत मिसळलेले येतात. मग मी जेवलीस का असं विचारत नाही. मीच बोलते. शाळेतलं काहीबाही सांगत राहते आणि ती पलीकडून नुसतं हं, हं करते.

बहुतेक दिवस दात नसतात.